आपण या गावचे नसावेत

सव्वाआठची कुडाळ एसटी यायच्या आधी आनंदीबाई राऊळ ठाकूरदेसाई मास्तरांच्या पडवीसमोर येऊन उभ्या राहिल्या. सलग चौथा दिवस होता. त्या बसल्या नाहीत, पाणी घेतले नाही. त्यांनी फक्त विचारले,

"मास्तरांनू, माझ्या मंगेशचा नाव इला?"

"काल संध्याकाळपर्यंत तरी नव्हतं," मास्तर म्हणाले. "आज परत बघतो."

"नीट बगा हां. कधी कधी एकदम खाली लिवलेला आसता."

"मी खालपर्यंत बघतो, आनंदीबाई."

"बगतल्यात ओ. माका काय म्हायत नाय? पण चष्मो पुसून बगा."

मास्तरांनी त्यांच्यासमोरच चष्मा पुसला. मग आनंदीबाई वळल्या आणि सावकाश आपल्या घराकडे चालू लागल्या. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. मंगेश त्यांचा धाकटा मुलगा. सहा वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी, देवीच्या पालखीपुढे अब्दागीर, म्हणजे मानाची छत्री, कोणी धरायची यावरून तो थोरल्या भावाशी, भाईशी, भर देवळात भांडला होता. "माका मानान बोलवल्याशिवाय ह्या गावात पाय ठेवचंय नाय," असे म्हणून तो जेवणाच्या पानावरून उठला आणि मुंबईला गेला. नंतर त्याने खोली बदलली, फोनचा नंबर बदलला. यंदा गणपतीत मात्र मुंबईच्या मंडळाचे सेक्रेटरी रामचंद्र राऊळ यांनी आनंदीबाईंना निरोप आणला होता : "मंगेश म्हणता, यंदा जत्रेक येतलंय. संगणकावर नाव घालतलंय आणि येतलंय."

आता जत्रा आठ दिवसांवर आली होती आणि संगणकावर नाव नव्हते.

सुरंगपाटच्या जत्रेची तारीख कुठल्याही कॅलेंडरात सापडत नाही. मार्गशीर्ष लागला की मानकरी देवीला फुलांचे कळे लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि देवी ज्या दिवसाला उजवा कौल देईल तो जत्रेचा दिवस. त्यामुळे तारीख ठरली की ती मुंबईकरांना कळवणे हे मोठेच काम असे. चोवीस वर्षे ते काम ठाकूरदेसाई मास्तरांनी केले. दरवर्षी दोनशे बारा पोस्टकार्डे, एका बैठकीत, सारख्या अक्षरात. मास्तर मूळचे खारेपाटणचे. सुरंगपाटच्या शाळेत बदली होऊन आले त्याला एकतीस वर्षे झाली होती. निवृत्त झाल्यावरही ते गेले नाहीत, कारण जा असे कोणी म्हटले नाही आणि राहा असेही कोणी म्हटले नाही. पोस्टकार्डांमुळे आपण गावाच्या काही उपयोगाचे आहोत, एवढा एक आधार त्यांना होता.

दोन हजार सात साली मुंबईच्या मंडळाने गावाची वेबसाइट काढली. जत्रेची तारीख तिथे झळकू लागली. येणाऱ्याने आपले नाव, आडनाव, मूळ गाव आणि घरची माणसे किती, एवढे लिहायचे, म्हणजे समाराधनेला किती जणांचे जेवण करायचे ते कळेल. पोस्टकार्डे बंद झाली. त्याऐवजी रोज कुडाळला जाऊन नावांची यादी उतरवून आणण्याचे काम मास्तरांना मिळाले. त्यांना संगणकातले काही कळत नव्हते, पण अक्षर चांगले होते.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. मुंबईच्या राऊळांबरोबर यादीत चारशे अकरा परदेशी पाहुणे आले. सगळ्यांचे आडनाव जॉन्सन, सगळ्यांच्या मूळ गावाच्या चौकटीत एकच गाव. मास्तरांनी यादी जशीच्या तशी उतरवून आणली. आचारी बाबली ती ऐकून भारावून गेला.

"चारशे अकरा जॉन्सन! आमच्या राऊळांपेक्षा मोठा घराणा," तो म्हणाला. "आणि सगळे एकाच गावातले. एकी बगा कशी आसा ती. नायतर आमी."

जत्रेच्या दिवशी एकही जॉन्सन आला नाही. चारशे अकरा माणसांचा भात, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि खीर संध्याकाळी शेवटी कर्ली खाडीत गेली. पुढचा आठवडाभर खाडीत कोणाच्या गळाला मासा लागला नाही, इतके मासे जेवून तृप्त होते. देवीच्या प्रसादाचा अपमान झाला याचे गावाला वाईट वाटले. कोणी मास्तरांना एक शब्द बोलले नाही. ते बोलले असते तर मास्तरांना बरे वाटले असते.

म्हणून यंदा त्यांनी आपणहून कुडाळच्या नम्रता पिंगुळकरला गाठले. ती बाजारात संगणकाचा क्लास चालवत असे आणि वेबसाइटचे काम तिच्याकडेच होते.

"ती जाहिरातवाल्यांची यंत्रं असतात, सर. आपोआप नावं भरत सुटतात," ती म्हणाली. "त्यांना अडवता येतं. फक्त खोटा माणूस ओळखायचा कसा, ते तुम्ही सांगा. मशीनला शिकवायचं काम माझं."

मास्तरांनी दोन दिवस विचार केला. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून त्यांनी खोट्या माणसाचे लक्षण शोधून काढले आणि कागदावर लिहून नेले : 'खरा माणूस घरातर्फे एकदाच नाव देतो. खोटा माणूस तेच आडनाव आणि तेच गाव पुन्हा पुन्हा लिहितो.'

"एकदम बरोबर," नम्रता म्हणाली. "एक आडनाव, एक गाव, एकदाच. दुसऱ्यांदा आलं की दार बंद. आणि दार बंद झाल्यावर काय दाखवू?"

या प्रश्नाला मास्तरांनी आणखी आठ दिवस घेतले. 'आपण खोटे आहात' हे पहिले वाक्य त्यांना फार कठोर वाटले. खोटा झाला तरी तो परक्या मुलखातला. 'आपली ओळख पटत नाही' हे त्यांना सरकारी वाटले. शेवटी त्यांनी लिहिले : 'क्षमा असावी. आपण या गावचे नसावेत, असे दिसते. आपल्यासाठी पान मांडता येत नाही.' आणि ज्याचे नाव घेतले जाईल त्याच्यासाठी : 'आपले पान मांडले आहे. अवश्य यावे.'

नम्रताने दोन्ही वाक्ये वाचून मास्तरांकडे पाहिले. "किती छान लिहिलंय, सर. मला तर जॉन्सनचं वाईट वाटायला लागलं."

यंदा कौल झाला, तारीख वेबसाइटवर गेली, आणि बारा दिवसांत यादीत एकच राऊळ आला : रामचंद्र. बाकी सामसूम.

त्या दिवशीही मास्तर कुडाळला पोचले तेव्हा यादीत मंगेश नव्हता. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत पाहिले, चष्मा पुसून परत पाहिले.

"मशीन बिघडलं नसेल ना?" त्यांनी नम्रताला चाचरत विचारले. "म्हणजे तसं नसणारच. मलाच आपली शंका."

"बघूया की. तुमचंच नाव घालते." तिने टाइप केले : गुरुदास ठाकूरदेसाई, सुरंगपाट, एक माणूस.

'आपले पान मांडले आहे. अवश्य यावे.'

"आता परत घालते."

'क्षमा असावी. आपण या गावचे नसावेत, असे दिसते.'

"पाहिलंत? पहिल्यांदा घेतलं, दुसऱ्यांदा अडवलं. जसं पाहिजे तसं." तिने मग स्वतःचे नाव घातले. नम्रता पिंगुळकर, पिंगुळी. तेही लगेच घेतले गेले. "सर, वेबसाइट उत्तम चालू आहे. माणसंच यायची नाहीत, त्याला मशीन काय करणार?"

मास्तर एसटीत बसून परत आले. मशीनमध्ये दोष नाही हे कळल्यावर आनंदीबाईंना काय सांगायचे, हे त्यांना सुचेना. त्यांनी यादीतले खरे तेवढेच सांगितले. आनंदीबाईंनी ऐकून घेतले.

आपल्या घराच्या पडवीत भात पाखडत बसलेला भाई म्हणाला, "मी सांगी नाय होतंय? येवचो नाय तो. तेका येवचाच नाय."

"तू गप," आनंदीबाई म्हणाल्या.

"मी गपच आसंय. सा वर्सां गपच आसंय."

मुंबईत त्या वेळी काय चालले होते, ते सुरंगपाटला माहीत नव्हते. भांडुपला एका राऊळाने ऑफिस सुटल्यावर आपले नाव घातले आणि 'आपण या गावचे नसावेत' हे वाक्य वाचले. त्याने ते तीनदा वाचले. मग दुसऱ्या राऊळाला फोन केला. दुसऱ्याने नाव घालून पाहिले. त्यालाही तेच. डोंबिवलीला तेच, नालासोपाऱ्याला तेच. वाक्य इतके शुद्ध, इतके सौम्य होते की ते यंत्राचे असेल अशी शंका कोणालाच आली नाही. ते मानकऱ्यांनी बसून, विचार करून, ठराव करून लिहिले आहे, असेच सगळ्यांना वाटले.

"आमका गावान वाळीत टाकल्यान," असा निष्कर्ष रविवारच्या बैठकीत निघाला. मग सगळे रामचंद्राकडे वळले. त्याचे एकट्याचे पान मांडले गेले होते.

"तुझाच नाव कसा घेतला?"

"माका काय ठावक? मी पयलो घातलंय."

"पयलो घातलंस की पयलो मिळालंस तेंका?"

रामचंद्र गेली अकरा वर्षे मंडळाचा सेक्रेटरी होता. त्या रविवारी त्याला कोणी चहा विचारला नाही.

खरे तर कोणीही गावात फोन करून विचारू शकले असते. पण ज्याने आपल्याला गावचे नाही म्हटले त्यालाच फोन करून 'आम्ही गावचे आहोत का' असे विचारायचे, हे राऊळांच्या रक्तात नव्हते. आणि गावातल्यांनी 'तुम्ही येताय ना' असे विचारायचे, तर तेही राऊळच. शेवटी मुख्य मानकरी गंगाराम राऊळ यांनी दुकानावरून रामचंद्राला फोन लावला. त्यांचे बोलणे दुकानात बसलेल्या सगळ्यांनी ऐकले.

"काय रामचंद्रा, बरो मा?"

"बरो आसंय."

"जत्रा जवळ इली."

"व्हय. आयकलंय."

"मगे?"

"मगे काय? तुमी काय ता ठरवल्यात मा? आमी काय बोलतलंव?"

"आमी खंय ठरवलंव? तुमीच ठरवल्यात."

"ठीक आसा. देवीची इच्छा."

"देवीचीच."

गंगारामांनी फोन ठेवला. "येवचे नाय ते," त्यांनी जाहीर केले. "आवाजातसूनच कळला. गुर्मी इली मुंबयकारांका."

तरीही जबाबदार माणूस म्हणून त्यांनी देवीला परत कळे लावले आणि काही चुकले आहे का, देवीचा कोप आहे का, ते विचारले. देवीने स्वच्छ कौल दिला : कोप नाही. म्हणजे जे काही होते ते माणसाचे होते. देवळातली माणसे इकडेतिकडे पाहू लागली. मास्तर खांबाशी उभे होते. त्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहिले नाही, पण सगळ्यांची नजर फिरता फिरता एकदा त्यांच्यावरून गेली, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी कुडाळला यादी एकदम वाढलेली दिसली. मास्तरांनी लगबगीने उतरवून घ्यायला सुरुवात केली. व्हिन्सेंट, ग्रेगरी, पामेला, बर्नार्ड. त्रेसष्ट नावे. प्रत्येकाचे आडनाव निराळे, प्रत्येकाचे गाव निराळे. नियमाप्रमाणे सगळे खरे होते.

बाबलीने ती यादी ऐकली तेव्हा तो चुलाण खणत होता. त्याने फावडे टेकवले.

"मास्तरांनू, हे कोण?"

"यादीत आहेत."

"गेल्या वर्षीचेच काय ते?"

"नाही, नाही. ते जॉन्सन होते. हे वेगवेगळे आहेत. मशीनने तपासून घेतलेत." मास्तरांना स्वतःलाच आपला आवाज लांबून येतोय असे वाटले. "माझी चूक होत असेल. पण नियमाप्रमाणे..."

"व्हिन्सेंट काळ्या वाटाण्याचा सांबारा खाता?"

"ते लिहिलेलं नाही."

"आणि राऊळ एकच."

"एकच."

बाबलीने फावडे बाजूला टाकले. "तीस वर्सां देवीचा जेवण करतंय," तो म्हणाला. "राऊळांच्या जत्रेत एक राऊळ आणि त्रेसष्ट व्हिन्सेंट. माझ्या हातान ह्या होवचा नाय. मी गाववाल्यांपुरतो भात घालतंय. व्हिन्सेंट इलो तर तुमच्या घराकडे घेवन जावा."

मास्तरांनी मान हलवली. रात्री त्यांनी डब्यातले तांदूळ खरोखरच मोजून पाहिले.

जत्रा तीन दिवसांवर आली. सकाळी आनंदीबाई आल्या त्या धुवट लुगडे नेसून, हातात छत्री घेऊन.

"आज मी येतंय तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

"कुडाळला? कशाला त्रास?"

"ती यादी माका बगूची आसा. तुमी वाचतास, पण तुमका माझो झील कसो दिसता ता म्हायत नाय."

यादीत माणूस दिसत नाही, नाव दिसते, हे मास्तरांनी समजावून पाहिले. पण एसटी आली आणि आनंदीबाई आधी चढल्या.

नम्रताने त्यांना खुर्ची दिली. आनंदीबाईंनी पडद्यावरची यादी खालपासून वरपर्यंत पाहिली. त्यांना वाचता येत नव्हते, पण त्या प्रत्येक ओळीपाशी थांबत होत्या. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"नाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाये, माझा नाव घाल बगया ह्याच्यात."

"तुमचं? तुम्ही तर गावातच आहात, काकी."

"आसू दे. मंगेशन कधी उघडल्यान तर आवशीचा नाव तरी दिसात. मगे येयत."

नम्रताने टाइप केले. आनंदी राऊळ, सुरंगपाट, एक माणूस. कळ दाबली. आणि ती पडद्याकडे वाकली.

"काय म्हणता?"

"काही नाही, काकी. परत घालते."

तिने परत घातले. मास्तरांनी मान पुढे करून वाचले.

"सांग गो बाये. काय म्हणता?"

नम्रताने हळू आवाजात वाचले. "क्षमा असावी. आपण या गावचे नसावेत, असे दिसते."

आनंदीबाईंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझो जल्म सुरंगपाटचो," त्या शांतपणे म्हणाल्या. "लगीन सुरंगपाटात. माहेर पण राऊळ, सासर पण राऊळ. वरच्या आळयेतसून खालच्या आळयेत इलंय, तितकोच काय तो माझो प्रवास. ह्या कोणी लिवला?"

"मी," मास्तर म्हणाले.

"तुमी खंयचे?"

"खारेपाटणचा."

"आणि तुमचा नाव घेतला?"

"पहिल्याच फटक्याला घेतलं."

"बरा," आनंदीबाई म्हणाल्या.

मास्तर खाली बसले. सगळे गाव राऊळ होते. शंभर उंबऱ्यांत दुसरे आडनाव एकट्या त्यांचे. चोवीस वर्षे दोनशे बारा पोस्टकार्डांवर त्यांनी राऊळ हा शब्द लिहिला होता, पण त्यांच्या हाताला तो 'श्री'सारखा झाला होता. तो लिहिताना मन लागत नसे. गावात तर कोणी आडनाव घेतच नाही. तिथे 'माडाकडचो', 'वरच्या आळयेतलो', 'बांधावयलो' एवढे पुरते. पहिला राऊळ आत गेला आणि त्याच्यामागे दार लागले. मास्तर आणि नम्रता यांनी ते दार आपापल्या नावाने तपासले होते आणि ते त्यांच्यासाठी उघडले होते.

"सर," नम्रता घाबरून म्हणाली, "अडवलेल्यांची एक यादी असते आतमध्ये. मी कधी उघडलीच नाही. खोट्यांची यादी कोण बघणार?"

तिने ती उघडली. एकशे अठ्ठ्याण्णव राऊळ. कोणी एकदा प्रयत्न केला होता, कोणी चारदा. एक नाव एकोणीस वेळा होते.

"मंगेश," ती म्हणाली. "काकी, तुमचे मंगेश आहेत हे. एकोणीस वेळा."

"वाच."

नम्रता वाचू लागली. पहिल्यांदा नुसते मंगेश राऊळ. मग वडिलांच्या नावासकट. मग 'खालच्या आळयेतलो'. मग 'आनंदीचो झील'. मग पुन्हा सात दिवस नुसते मंगेश राऊळ, रोज दोनदा. शेवटची ओळ कालची होती. नम्रताने ती जरा थांबून वाचली. "मंगेश राऊळ, भाईचो भाव."

आनंदीबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिले. "तेका पण ह्याच सांगल्यान ह्या मशिनीन? एकोणीस येळा?"

"हो."

"सुधरा ता आदी."

नियम काढून टाकायला नम्रताला दोन मिनिटे लागली. पण मुंबईचा कोणी राऊळ आता वेबसाइट उघडत नव्हता. मास्तरांनी माफीचा मजकूर लिहून तिथे घातला. तो तीन दिवसांत एकट्या पामेलाने पाहिला. त्यांनी रामचंद्राच्या घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, "ते मीटिंगेक गेलेत. गावच्या कोणाचो फोन घेवचो नाय असा सांगून गेलेत." मास्तरांनी चार पानी क्षमापत्र लिहिले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले. ते जत्रेनंतर पोचणार हे पोस्टमनने पावती देतानाच सांगितले.

मग ते गंगारामांकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. गंगाराम ऐकत राहिले.

"म्हंजे आमी सगळे एकच माणूस, असा वाटला तेका?"

"हो. खोटा माणूस."

"मशीन हुशार आसा," गंगाराम म्हणाले.

जत्रेच्या सकाळी देवळापुढे रांगोळी झाली. बाबलीने गावापुरता भात चढवला. दहाच्या सुमारास वालावलकडून एक खासगी बस आली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी, चौथी. एकूण नऊ बसा उभ्या राहिल्या आणि रस्ता संपला.

पहिल्या बसमधून रामचंद्र उतरला. त्याच्या मागून राऊळ उतरू लागले. म्हातारे, तरुण, बायका, कडेवरची मुले, आणि वर्षानुवर्षे जत्रेला न आलेले लोकसुद्धा. कोणी रजा काढली होती, कोणी रजा न काढता आले होते. एरवी जत्रेला दोनशे-अडीचशे माणसे यायची. यंदा पाचशेवर होती. देवीला नमस्कार करायच्या आधी ती सगळी सभामंडपापुढे उभी राहिली.

"कोण म्हणता आमी या गावचे न्हय?" रामचंद्राने आरोळी दिली. "भायर ये म्हणा!"

"भायर ये म्हणा!" पाचशे राऊळ म्हणाले.

मास्तर पुढे आले. "मी म्हटलं," ते म्हणाले. आणि खोट्या माणसाच्या लक्षणापासून एकशे अठ्ठ्याण्णव नावांपर्यंत सगळे त्यांनी सांगितले. आवाज लहान होता, त्यामुळे मागच्यांना पुढच्यांनी सांगितले, त्यांच्या मागच्यांना त्यांनी. खुलासा मागच्या बसगाड्यांपर्यंत पोचायला पाच-सात मिनिटे लागली. शेवटच्या माणसाला कळले तेव्हा पुढचे लोक आपला राग कुठे ठेवावा या विचारात पडले होते.

बाबलीने तो विचार पुरा होऊ दिला नाही. "पाचशे पानां वाढली!" तो ओरडला. "तोंडां बगीत काय रवलास? नारळ सोला. हो घे आडाळो. तू तांदूळ धू. ए, सेक्रेटरी, लाकडां!" हातात विळी आणि नारळ आल्यावर माणसाला वाळीत टाकल्याचे दुःख फार वेळ धरता येत नाही. अर्ध्या तासात देवळामागे चार नवी चुलाणे पेटली.

बसमधून उतरलेला मंगेश मात्र तिथे गेला नाही. तो देवळाच्या पायरीपाशी भाईसमोर उभा होता. आनंदीबाई पायरीवर बसल्या होत्या.

"म्हंजे भाईन काय केल्यान नाय?" मंगेशने मास्तरांना विचारले.

"नाही. त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. चूक सर्वस्वी माझी."

मंगेशचा चेहरा पडला. "तेरा तास बसमध्ये बसून काय काय बोलूचा ता सगळा जुळवून आणलेला," तो म्हणाला. "आता मी भांडू कोणाशी?"

भाईने खांद्यावरचा पंचा झटकला. "माझ्याशीच भांड," तो म्हणाला. "इतक्या लांबसून इलंस. अब्दागिरीचा काय ता बोल एकदा."

"बोलतंयच! बापाशीन ती माका दिलेली."

"तुका? तू तेव्हा चौथीत होतंस. पेलवली आसती?"

"पेलवली नसती तर पडलो आसतंय. तुझा काय गेला आसता?"

"देवीच्या डोक्यार पडली आसती, मेल्या!"

आवाज चढला. देवळामागून बाबलीने डोकावून पाहिले. लोक थबकले. मास्तरांना वाटले, एवढे करून पुन्हा तेच, आणि पुन्हा आपल्यामुळे. ते हात जोडून दोघांच्या मध्ये जायला निघाले, तेवढ्यात आनंदीबाईंनी त्यांचा सदरा मागून धरला.

"मास्तरांनू, बसा हयसर," त्या म्हणाल्या. "भांडांदे तेंका. सा वर्सां माझ्या घरात आवाज नाय होतो."